कुंपणाबाहेरचा कडुनिंब

"अक्का, पिशवी द्या इकडं. आणि अशा पुढं या, खुर्चीत बसा."

मगदूम मास्तरांनी माझ्या हातातली पिशवी जवळजवळ हिसकावूनच घेतली. मी निपाणीहून सकाळच्या पहिल्या एस.टी.नं कोल्हापुरात उतरले होते. लेकीचं बाळंतपण आटोपून महिन्याभरानं परतत होते, आणि घरी जायच्या आधी बागेत डोकावावं म्हणून रिक्षा थेट तिकडंच वळवली होती. रविवार होता. रविवारी सकाळी आमची माणसं बागेत असायचीच, पण मातीच्या कपड्यांत, हातात खुरपी आणि डोक्याला फडकं. त्या दिवशी बायका इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या होत्या. मगदूम मास्तरांनी तर जाकीट घातलं होतं, आणि मास्तरांनी जाकीट घातलं म्हणजे भाषण होणार, हे आमच्या कॉलनीत शेंबड्या पोरालाही कळायचं. प्राथमिक शाळेतनं निवृत्त होऊनही त्यांची बोलायची हौस काही निवृत्त झाली नव्हती.

"कुणाचं लगीन हाय काय?" मी विचारलं.

"तुमचाच कार्यक्रम हाय. आज तुम्ही गप बसायचं."

मला वाटलं, नातू झाला त्याचं कौतुक असेल. मनात म्हटलं, कळा लेकीनं सोसल्या आणि सत्कार आईचा! पण मनातून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? स्टुलावर तबक होतं, तबकात शाल होती, नारळ होता. मी माझ्या मैत्रिणीला, मालाला शोधत होते. ती नळापाशी, तिच्या अश्विनीच्या सोनचाफ्याखाली, पाठमोरी उभी राहून बादली भरत होती. बादली भरून पाणी खाली वाहत होतं तरी तिनं नळ बंद केला नव्हता.

"अगं माला! नातू झाला मला!"

तिनं हात वर केला, पण वळली नाही. कामात असेल म्हणून मी सोडून दिलं.

आता ही बाग काय होती ते सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमची तुळजाई कॉलनी वसली तेव्हा पालिकेनं मधोमध एक लांबट तुकडा बागेसाठी सोडला होता. घसरगुंडी बसवली, चार बाकं टाकली, उद्‌घाटन झालं, पेढे वाटले. पुढं माळी निवृत्त झाला आणि दुसरा काही आला नाही. मग व्हायचं तेच झालं. कमरेएवढं गाजरगवत, त्यात म्हशी, ज्याच्या घराचं काम निघेल त्याचा राडारोडा, आणि अंधार पडला की बाटल्या घेऊन येणारी मंडळी. अर्ज देऊन देऊन आमच्या चपला झिजल्या, पण पालिकेतल्या खुर्च्या काही हलल्या नाहीत.

अशात आमचे मालक गेले. शशिकांत त्यांचं नाव. जिवंत असताना उखाण्याशिवाय कधी घेतलं नाही, आता घेते. एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. मला पिठाची गिरणी त्यांनीच घालून दिली होती. आमच्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन असतं. नदी घाण होते म्हणून आता पुष्कळ लोक रक्षा नदीत सोडत नाहीत. आपल्या शेतात खड्डा काढतात, त्यात रक्षा घालतात आणि वर झाड लावतात. रीत चांगलीच आहे. पण ज्याला शेत आहे त्याला. आमच्या वाटणीचं शेत दिरानं केव्हाच विकून खाल्लं होतं. दीर म्हणाले, पंचगंगेत सोडू. मी म्हटलं, जन्मभर ज्या माणसानं रस्त्यावर कागदाचा कपटा टाकला नाही, त्याला मी पाण्यात टाकणार नाही.

रक्षेचा तांब्या घेऊन मी या बागेत आले. सगळीकडं गवत माजलेलं. मोकळी जागा एकच होती, पूर्वेच्या रस्त्यालगतचा मुरूम, जिथं गाजरगवतसुद्धा उगवत नव्हतं. तिथं पहारीनं खड्डा काढला, रक्षा घातली आणि कडुनिंब लावला. माणूस बोलायला कडू आणि गुणाला चांगला, त्यामुळं दुसरं झाड मला सुचलंच नाही.

रोज गिरणी उघडायच्या आधी मी दोन कळशा पाणी नेऊन घालायची. लोक बघायचे. एके दिवशी मगदूम मास्तरच दळण घेऊन आले आणि डबा खाली न ठेवता उभे राहिले. म्हणाले, "अक्का, आमच्या आईची रक्षा अजून माळ्यावर हाय. पोरगा म्हणतोय प्रयागला नेऊ, पण कधी नेणार त्यो? तुमच्या शेजारी थोडी जागा मिळेल काय?"

तिथून सुरू झालं. शहरातली बिनशेताची माणसं, सगळ्यांच्याच घरात कुणी ना कुणी गेलेलं. ज्याचं माणूस मातीत, तो पाणी घालायला येणारच. पाणी घालायला आला की शेजारचं गवत उपटणारच. आणि जे येत नव्हते त्यांच्यासाठी माझी गिरणी होती.

"रविवारी बागेत दिसली न्हाईस."

"पाहुणं आल्तं, अक्का."

"बरं. दळण मंगळवारी मिळंल."

"अवो, मग आज पोरांस्नी काय घालू?"

"भात घाल."

पुढच्या रविवारी ती खुरपं घेऊन हजर. दादागिरी म्हणा हवं तर. पण दोन वर्षांत राडारोडा गेला, म्हशी गेल्या, बाटल्या गेल्या, आणि पालिकेचे साहेब फोटो काढायला तेवढे आले. काम कसं करायचं ते मी मालकांकडनं शिकले होते. दोरी लावल्याशिवाय खड्डा काढायचा नाही, लाकडी खांबाच्या बुडाला डांबर लावल्याशिवाय तो पुरायचा नाही. सगळे मला हसायचे, पण तसंच करायचे.

आणि माला. विजयमाला सरनाईक. माझ्या घरापासून तिसरं घर तिचं. एकाच वर्षी लग्न होऊन आम्ही इथं आलो. तिच्याकडं मीठ संपलं तर ती माझ्या फडताळात हात घालायची, विचारायचीसुद्धा नाही. तिला मोठा मुलगा धैर्यशील आणि धाकटी अश्विनी. अश्विनी शाळेत जायच्या वयातच तापानं गेली. चार दिवसांचा ताप. त्यानंतर माला आतल्या खोलीत जी बसली ती बसलीच. जेवेना, बोलेना. नवरा फिरतीच्या नोकरीत. मी रोज जायची, शेजारी बसायची आणि परत यायची. एक दिवस तिला दंडाला धरून उठवलं, अश्विनीच्या रक्षेचा तांब्या घेतला आणि तिला बागेत आणलं. पश्चिमेला नळाजवळची जागा बागेत सगळ्यांत चांगली, काळी माती आणि कायमचा ओलावा. तिच्यावर अनेकांचा डोळा होता. मी कुणाला हात लावू दिला नव्हता. मालाला म्हटलं, "इथं लाव. तुझ्या लेकीला पाण्याची तहान नको."

तिनं सोनचाफा लावला. त्या दिवशी पहिल्यांदा ती मोठ्यानं रडली. हळूहळू जेवायला लागली, मग बोलायला, मग चक्क भांडायलाही. माझ्या हातनं काही चांगलं झालं असेल तर ते हेच, असं मला वाटायचं.

मी निपाणीला जायच्या थोडं आधी पालिकेचा रस्ता आला. बस वळायला जागा पुरत नाही म्हणून पश्चिमेकडचा रस्ता रुंद करायचा, म्हणजे बागेचा पट्टा जाणार, म्हणजे नळाजवळची अख्खी ओळ जाणार. माला दोन रात्री झोपली नाही. आम्ही सगळे बागेत जमलो. मीच उभी राहून म्हटलं, एकही झाड देणार नाही. मग इकडं लेकीचे दिवस भरले. माझा पाय निघेना.

"तू जा गं निवांत," माला म्हणाली. "मी हाय न्हवं? काय बी झालं तरी मी कळवतो तुला." आमच्याकडं बायकाही 'मी कळवतो, मी जातो' असंच बोलतात. बाहेरच्यांना हसू येतं, आम्हांला त्यात काही वावगं वाटत नाही. तर ती म्हणाली, मी कळवतो. आणि मी गेले.

एवढं सगळं झाल्यावर तो रविवार आला, आणि मगदूम मास्तर जाकिटाची बटणं लावून उभे राहिले.

"बंधुभगिनींनो," त्यांनी सुरुवात केली, "त्यागाच्या गोष्टी आपण पुस्तकात वाचतो. पण त्याग आपल्या कॉलनीत ऱ्हातो, आपलं दळण दळतो, आणि वर आपल्यालाच शिव्या घालतो."

लोक हसले. मीही हसले. मला वाटलं, बागेसाठी एवढी वर्षं राबले त्याबद्दल चाललंय.

"पालिकेचे इंजिनिअर परत आले. आम्ही हात जोडले. ते म्हणाले, रस्ता तर करावाच लागेल. पश्चिमेकडनं घेतला तर तुमची नळाची सगळी ओळ जातीय. पूर्वेकडनं घेतला तर एकच झाड जातंय. तुम्ही ठरवा. आता ठरवणार कोण? ते एक झाड कुणाचं, हे का आम्हांला ठाऊक न्हवतं? आमच्या तोंडातनं शब्द फुटंना. शेवटी मालाताई म्हणाल्या, मी विचारतो रत्नाला. त्यांनी निपाणीला फोन लावला." मास्तरांनी रुमालानं चष्मा पुसला. "आणि आमच्या रत्नाक्का एका शब्दात हो म्हणाल्या! शशीभाऊंचं झाड त्यांनी आपल्या सगळ्यांच्या झाडांसाठी दिलं!"

टाळ्या वाजल्या. मी टाळ्या वाजवणाऱ्यांकडं बघत होते आणि मला काही समजत नव्हतं. मग मी मान वळवून पूर्वेकडं पाहिलं.

कुंपण आत आलं होतं. नवं कुंपण, सरळ रेषेत, ताणून बसवलेल्या तारा. खांबांच्या बुडाला डांबर लावलेलं होतं. कुणीतरी दोरी धरली असणार, कुणीतरी खड्डे काढले असणार, एखाद्या रविवारी सगळ्यांनी मिळून, जसं मी शिकवलं होतं तसं. आणि त्या कुंपणाच्या पलीकडं, रस्त्याच्या बाजूला, आमचा कडुनिंब एकटा उभा होता. बुंध्यावर तांबड्या रंगाची फुली मारलेली होती.

फोन आला नव्हता. विहीणबाईंना ऐकू कमी येतं, त्यामुळं महिनाभर त्या घरातला प्रत्येक फोन मीच उचलला होता. दूधवाल्याचा उचलला, जावयाच्या साहेबांचा उचलला, चुकून लागलेलेही उचलले. मालाचा आला नव्हता.

कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल घातली. मास्तर म्हणाले, "श्रीफळ मालाताईंच्या हस्ते." नळापाशी उभी असलेली माला आली. तिचे हात ओले होते. तिनं नारळ माझ्या हातात दिला आणि तिनं नारळाकडंच बघितलं, माझ्याकडं नाही. तेवढ्यावरून मला सगळं कळलं. मालक गेले तेव्हासुद्धा मी इतकी एकटी पडले नव्हते, कारण ते मला फसवून गेले नव्हते.

"अक्का, दोन शब्द बोला," कुणीतरी म्हणालं.

मी उठले. तोंड उघडलं की संपलं असतं. मी हो म्हटलेलं नाही, मला कुणी विचारलेलंच नाही, एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात शेवंताकाकू पुढं आल्या. त्यांच्या मालकांची रक्षा नळाच्या ओळीत, पेरूच्या झाडाखाली. माझ्याहून वयानं मोठी बाई, आणि माझ्या पाया पडायला वाकली.

"अक्का, माझं कुंकू दोनदा पुसलं असतं बघ," त्या म्हणाल्या. "तू वाचीवलंस."

मी त्यांना धरून उठवलं. त्यांच्यामागं सगळी ओळ उभी होती. मास्तर होते, त्यांच्या आईचं रोप मुरमात जगेना म्हणून पहिल्याच वर्षी नळाच्या ओळीत हलवलं होतं. कुणाची आई, कुणाचा भाऊ. त्यांनी कुणीही माझं वाईट केलं नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं, मी दिलं.

"चहा झालाय काय?" मी म्हटलं. "एस.टी.त घसा वाळलाय."

सगळे हसले आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या. मास्तर म्हणाले, "बघा, ह्याला म्हणतात मोठेपणा!"

दुपारी मी मालाच्या घरी गेले. शाल आणि नारळ घेऊनच गेले आणि तिच्या जेवणाच्या टेबलावर ठेवले. ती भाकऱ्या करत होती. तवा तापला होता, पण भाकरी तशीच थापून ठेवलेली.

"फोन केलतास म्हणं मला," मी म्हटलं.

तिनं थापलेली भाकरी मोडून पुन्हा पीठ मळायला घेतलं.

"काय बोललो गं मी फोनवर? सांग की. माझं मलाच ऐकू दे."

"रत्ना, ओरडू नको. धैर्यशील आत हाय."

"मी ओरडत न्हाई. मी विचारतोय. काय बोललो मी?"

तिनं गॅस बंद केला आणि खाली बसली. "इंजिनिअर म्हणाला, दोन दिवसांत सांगा," ती म्हणाली. "फोन लावायला दुकानात गेलतो मी. नंबर फिरवला निम्मा. मग ठेवला."

"का?"

"तू न्हाई म्हणाली असतीस तर?"

"म्हणून विचारलंच न्हाईस."

"माझं पोर हाय गं तिथं!" ती ओरडली, आणि मग आतल्या खोलीकडं बघून आवाज खाली आणला. "तुझ्याकडं शशीभाऊंचं सगळं हाय. गिरणी हाय, घर हाय, त्यांच्या वळणाची लेक हाय. आता नातूबी झाला. माझ्याकडं पोरीचं काय हाय? एक दप्तर आणि ते झाड. तू न्हाई म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं, सांग."

राग इतका होता की मला तिच्या अंगावर तो नारळ फोडावासा वाटत होता. आणि ती जे बोलत होती ते खोटंही नव्हतं. तिचं दुःख माझ्यापेक्षा मोठं होतं, हे मी आधीपासूनच मानत होते. नाहीतर ती नळाची जागा मी तिला दिलीच नसती.

"आता सांग जा समद्यांना," तीच पुढं म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, डोळे कोरडे आणि मोठे झाले होते. "माला खोटं बोलली म्हणून सांग. मी कबूल करतो. मग पालिका पश्चिमेकडनं रस्ता घेईल. अश्विनीचं झाड जाईल, शेवंताकाकूंचं जाईल, मास्तरांचं जाईल. तुझं ऱ्हाईल. जा सांग."

आणि मी सांगणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यावरच तिनं सगळं उभं केलं होतं. दुसऱ्या कुणाला माझा स्वभाव इतका माहीतच नव्हता. परक्यानं दगा दिला असता तर मी त्याच्या दारात जाऊन तमाशा केला असता. इथं केसानं गळा कापला होता आणि तो केस मीच तिच्या हातात दिला होता.

"माला," मी म्हटलं, "तू विचारलं असतंस तर मी हो म्हटलं असतं."

ती माझ्याकडं बघत राहिली.

"रडलो असतो. चार शिव्या घातल्या असत्या. तुझ्याशी आठ दिवस बोललो नसतो. पण हो म्हटलं असतं. पहिली कुदळ मीच मारली असती. अश्विनी मला काय परकी होती काय गं?"

"रत्ना..."

"माझं झाड तू घेतलंस, ते घे. पण ते मला देऊ तरी द्यायचं होतंस. माझ्याकडनं चोरलंस, आणि वर दान म्हणून माझ्याच नावावर सांगितलंस. आता मरेपर्यंत लोक माझ्या पाया पडणार, आणि प्रत्येक वेळी मला आठवणार की मी काही दिलेलंच न्हाई."

ती तेव्हा रडायला लागली. "आत जागा ठेवलीय तुझ्यासाठी," ती हुंदके देत म्हणाली. "चाफ्याशेजारी. नवा कडुनिंब लावू. मी स्वतः पाणी घालतो रोज."

"आणि रक्षा कुठनं आणू?"

मी उठले. दारात धैर्यशील उभा होता, कॉलेजातला पोरगा, त्यानं किती ऐकलं देव जाणे. मी त्याच्या बाजूनं निघून आले.

झाड तोडायला माणसं आली ती बुधवारी सकाळी. मास्तर हळदकुंकू आणि साखर घेऊन आधी गिरणीवर आले. "अक्का, पूजा तुमच्या हातनं," ते म्हणाले. मी म्हटलं, "मास्तर, दळणाची गर्दी हाय, तुम्ही उरका." त्यांनी इकडंतिकडं बघितलं. गिरणीत एकही डबा नव्हता. त्यांच्या लक्षात आलं असावं, पण ते मान खाली घालून गेले.

करवतीचा आवाज सुरू झाला तशी मी गिरणी चालू केली. आत दाणा नव्हता. मालक नेहमी सांगायचे, रिकामी गिरणी फिरवू नको, दगड दगडाला खातात. मी फिरवत ठेवली. पट्ट्याचा आवाज, दगडांचा आवाज, जळका वास यायला लागला तरी बंद केली नाही. बाहेरचं सगळं थांबलं असेल असं वाटलं तेव्हा बटण दाबलं. दुसऱ्या दिवशी छिन्नी घेऊन येणारा टाकीवाला बोलवून झिजलेल्या दगडांना पुन्हा टाकी लावून घ्यावी लागली.

त्यानंतर मी बागेत गेले नाही. बागेचं काम मास्तरांकडं सोपवलं. माझे गुडघे दुखतात असं सांगितलं, लोकांना पटलं. माला दळण दुसऱ्या गिरणीवर न्यायला लागली. लोकांना वाटलं, दोघींचं काहीतरी देण्याघेण्यावरून बिनसलं असेल. मी खरं काय ते कुणालाही सांगितलं नाही, लेकीलासुद्धा नाही. रस्ता झाला, बस वळायला लागली. वर्षं गेली. रस्त्यात समोरासमोर आलो तर ती थांबायची, मी थांबायची नाही. एकदोनदा तिनं हाक मारली. मला ऐकू आलं होतं.

मागच्या वर्षी माला गेली.

तिच्या अंत्ययात्रेला मी गेले नाही. लोक काय म्हणायचं ते म्हणाले असतील. तिसऱ्या दिवशी सकाळी गिरणीचं शटर वर करत होते, तर पायरीजवळ धैर्यशील उभा. आता डोक्यावरचे केस पांढरे झालेले, अनवाणी, टॉवेल गुंडाळलेला. हातात फडकं बांधलेला तांब्या होता.

"मावशी," तो म्हणाला, "नातेवाईक सगळे बागेत जमलेत. पण आईनं सांगून ठेवलंय. अश्विनीच्या झाडाखाली मला ठेवायचं, पण आधी जाऊन रत्नाला विचारा. ती न्हाई म्हणाली तर नदीत सोडा."

"एवढंच म्हणाली?"

"व्हय. मी म्हटलं, आई, बाग काय मावशींची हाय काय? तर म्हणाली, तू फक्त विचार."

मी शटर तसंच अर्धवट धरून उभी राहिले. मनात पुष्कळ काही होतं, इतक्या वर्षांचं साठलेलं. रागही होता, अजूनही आहे. त्याच्या हातातल्या तांब्याकडं मी बघितलं. तो वाट बघत होता, आणि मी खरंच नाही म्हणेन अशी भीती त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होती.

"हो," मी म्हटलं. "ठेव जा."

एवढाच वेळ लागला. तेव्हाही इतकाच लागला असता.